मधे येणारं डोकं

आरशांची पहिली अडचण अगदी साधी आहे:
समोर बसवलेला दुसरा आरसा
पहिल्याच्या आड येतो.

सिंदेवाहीच्या पलीकडे, धान कापलेल्या बांधीत
रात्री अकराला नाटक उभं राहायचं
आणि नेमकं माझ्यापुढं कवडू कुंभाराचं
मफलर गुंडाळलेलं रांजणाएवढं डोकं.
नायिका अर्धीच दिसायची, खलनायक पूर्ण.
नऊ वर्षांची होते. मान तिरकी केली.
पुढं बंगळूरला हीच गोष्ट
दोन सेमिस्टर, इंग्रजीतून शिकले.

आरसा कलवला की उजेडाची वाट मोकळी होते.
पण कललेला आरसा त्याची किंमत वसूल करतो:
उभ्या रेघा इथे जुळतात, आडव्या जरा पुढं,
आणि टिंब म्हणून सोडलेला किरणांचा पुंजका
एचएमटीच्या तांदळासारखा लांबट होऊन पडतो.
माझ्या चष्म्यालाही हाच सिलिंडरचा नंबर,
त्यामुळे फार बोलता येत नाही.

मला हवा होता डब्याएवढा कॅमेरा,
सायकलच्या कॅरिअरला बांधून नेता येईल असा,
जो डोळ्याच्या आतली मागची भिंत टिपेल.
त्यात तीन आरसे. हातभर वाट
रेशनकार्डासारखी घडी घालून बसवलेली.
भिंगं नकोत; भिंगातून जाताना
तांबडा एकीकडे वळतो, हिरवा दुसरीकडे.
आरसा कुणाला रंग विचारत नाही.

लॅपटॉप रात्रभर आकडे दळायचा.
चूक एका जागी येऊन बसली ती हलेचना.

गिरजाबाई मोहुर्ले परसात कणगी लिपत होती.
कणगी एका अंगानं फुगलेली, दुसरीकडे दबलेली,
बांबूचं विणकाम म्हटल्यावर तसंच असणार.
ती माझ्याशी बोलत होती, मुरमुऱ्यांच्या भावाबद्दल,
आणि तळहात आपला आपण खळगा शोधत होता,
तिथे थोडं जास्त शेण-माती, इथे नुसतं पाणी.
कवडूच्या चाकाला एकच माहीत: मधला खुंटा
आणि त्याभोवतीचा गोल.
या हाताला खुंटाच नव्हता.

त्या रात्री मी गोलाई सोडून दिली.
सूत्रात जी पदं शून्य धरून ठेवली होती
ती एकेक करून मोकळी केली.
पहाटे तांदूळ आखडला,
मग राळा, मग राजगिरा.

हिऱ्याच्या टोकानं कोरलेले ॲल्युमिनियमचे तीन तुकडे
एसटीच्या पार्सलमधून ब्रह्मपुरीला उतरले.
गिरजाबाईनं एकात तोंड पाहिलं,
हनुवटी कानापाशी, नाक ओघळलेलं.
"हा आरसा खोटा हाय वं."
होय. तिन्ही खोटे आहेत.
एकमेकांच्या खोटेपणाचं माप घेऊनच घडवलेत.

शाळेतल्या तांदळाच्या कोठडीत अंधार बरा होता.
तिनं हनुवटी टेकवली, पदर सावरला,
फोटो काढायचा म्हणून उगाच हसली.
पडद्यावर आलं
केशरी शिवार, त्यात तांबडे ओहोळ,
ओहोळाला फुटलेले बारीक पाट, काठ न काठ स्वच्छ.
मी ओरडलेच.

मग उजवीकडे खाली दिसला
कापसाच्या बोंडाएवढा फिकट धूसरपणा.

आरसा हलला असेल. स्क्रू आवळला. तसाच.
पुसला. तसाच.
डबा उलटा धरून पुन्हा काढला:
आरशाचा असता तर जागा बदलली असती.
मग स्वतःचा डोळा लावला.
माझ्या शिवारात काही नव्हतं.

इतकी वर्षं चूक शोधायची आणि काढायची, हाच धंदा.
त्या दुपारी मात्र मनापासून वाटलं,
ही माझी असू दे.

"चांगला आला का वं फोटू?"
"चांगला आला," मी म्हटलं,
"उद्या सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला जाऊ,
मोठ्या डॉक्टरला दाखवू."
"मी कायले? तूच घेऊन जा ना फोटू,"
असं म्हणून ती दार उघडून बाहेर उभी राहिली
नेमकी मधे,
उन्हाच्या आणि माझ्या.